रिकाम्या खुर्चीचं राजकारण

निवडणुका तोंडावर, हायकोर्टात खुर्च्या रिकाम्या आणि यादीत एका पक्षाच्या माजी प्रवक्त्या! २०२५च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात यावरून बराच धुरळा उडाला. पण न्यायमूर्ती कोण होणार, या भांडणाचं नागपूरशी जुनं नातं आहे. आणि सिव्हिल लाइन्समधल्या त्या देखण्या इमारतीशी तुमचंही आहे. कसं, ते वाचा...

तुमच्या ऑफिसात एखादी खुर्ची रिकामी झाली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आठ दिवस सगळे हळहळतात. नवव्या दिवशी त्या माणसाचं काम तुमच्या टेबलावर येऊन पडतं. एचआरवाले म्हणतात, 'प्रोसेस सुरू आहे.' मग कँटीनमध्ये कुजबुज. कोण येणार? कोणाच्या ओळखीचा? बॉसचा माणूस आहे की खरंच कामाचा?

आता हीच कुजबुज राज्याच्या पातळीवर कल्पून बघा. खुर्ची हायकोर्टाच्या न्यायमूर्तींची. एकदा कायम झालेले न्यायमूर्ती वयाच्या ६२व्या वर्षापर्यंत पदावर राहतात. त्यांना हटवायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. अप्रेझल नाही, टार्गेट नाही, बॉसची भीती नाही. घटनाकारांनी हे मुद्दाम असं ठेवलं, कारण या माणसाला सरकारच्या विरोधात निकाल देता यायला हवा. पण म्हणूनच माणूस आत येतानाचा दरवाजा फार महत्त्वाचा ठरतो. एकदा आत गेला की गेला! सगळं भांडण असतं ते दरवाजावरचं.

ऑगस्टमधला धुरळा

२८ जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाच्या कॉलेजियमने मुंबई हायकोर्टासाठी तीन वकिलांची नावं सुचवली. अजित कडेठाणकर, आरती साठे आणि सुशील घोडेस्वार. पहिले काही दिवस कोणाचं लक्षही गेलं नाही. मग राष्ट्रवादी काँग्रेस (शरद पवार) पक्षाचे आमदार रोहित पवार यांनी आठवण करून दिली की, यातल्या आरती साठे या महाराष्ट्र भाजपच्या प्रवक्त्या होत्या. २०२३ मध्ये पक्षानेच तशी घोषणा केली होती. झालं! चॅनेलांना विषय मिळाला.

रोहित पवारांचा मुद्दा साधा होता. साठे यांच्या पात्रतेबद्दल आपल्याला काही म्हणायचं नाही, पण काल-परवापर्यंत जी व्यक्ती सत्ताधारी पक्षाची बाजू मांडत होती, तिच्यासमोर उद्या सरकारविरोधातला माणूस उभा राहिला तर त्याला न्यायाची खात्री वाटेल का? भाजपचं उत्तरही तयार होतं. साठे यांनी जानेवारी २०२४ मध्येच पक्षाचा राजीनामा दिला आहे. करसंबंधी प्रकरणांतल्या त्या अनुभवी वकील आहेत. आणि काँग्रेसच्या काळात काय झालं, ते आम्ही सांगायचं का?

दोन्ही बाजूंना एवढा जोर चढायला आणखी एक कारण होतं. राज्यातल्या महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या वादात वर्षानुवर्षं अडकल्या होत्या. नागपूर महापालिकेचंच बघा. २०१७ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हापासून कारभार प्रशासकाच्या हाती. ६ मे २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने 'चार महिन्यांत निवडणुका घ्या' असं बजावलं आणि सगळे पक्ष बाह्या सरसावून बसले. पुढे ही मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढली. अशा हवेत कोणतीही नेमणूक राजकीयच दिसते. ऑगस्टच्या मध्यापर्यंत तिन्ही नावांवर केंद्र सरकारचं शिक्कामोर्तब झालं, साठे न्यायमूर्ती झाल्या आणि चॅनेलं पुढच्या विषयाकडे वळली.

प्रश्न मात्र मागे राहिला. राजकारणातून आलेला माणूस जज होऊ शकतो का? कायद्याचं उत्तर एका ओळीचं आहे: होऊ शकतो. घटनेचं कलम २१७ हायकोर्टासाठी दहा वर्षांची वकिली किंवा दहा वर्षांचं न्यायिक पद मागतं. पक्ष सोडून किती दिवस झाले पाहिजेत, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. आपल्याकडे नोकरी बदलणाऱ्या मॅनेजरला 'सहा महिने प्रतिस्पर्धी कंपनीत जाता येणार नाही' अशी अट लावतात. न्यायमूर्तींना तीही नाही. ना येताना, ना जाताना!

करारातलं एक वाक्य

हे सगळं मुंबई-दिल्लीचं राजकारण, आपण नागपूरकरांनी कशाला डोकं शिणवायचं, असं वाटत असेल तर थोडं मागे जाऊ या. नागपूरला एकेकाळी स्वतःचं हायकोर्ट होतं. १९३६ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी ते सुरू झालं. हेन्री मेड या वास्तुविशारदाने त्याची आजची इमारत उभी केली. १९४० मध्ये उद्घाटनाला आलेले व्हाइसरॉय लिनलिथगो तिला 'दगडातलं काव्य' म्हणाले, असं सांगतात. व्हिव्हियन बोस आणि मोहम्मद हिदायतुल्ला हे दोघे याच कोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती. पुढे दोघेही सुप्रीम कोर्टात गेले.

१९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि हे हायकोर्ट संपलं. राजधानी गेली, सचिवालय गेलं, कोर्टही गेलं. उरलं ते मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ. पण नागपूरकर बेसावध नव्हते. २८ सप्टेंबर १९५३च्या नागपूर करारात त्यांनी या गोष्टीची तजवीज आधीच करून ठेवली होती. या कराराची आठवण आपल्याला दर डिसेंबरला होते, हिवाळी अधिवेशनाच्या गाड्यांनी रस्ते भरले की. त्यात अधिवेशनाइतकंच महत्त्वाचं आणखी एक कलम आहे. हायकोर्टाचं मुख्य ठाणं मुंबईत आणि दुसरं नागपुरात असेल. आणि न्यायमूर्तींच्या नेमणुकांची शिफारस करताना महाविदर्भातल्या सेवेतल्या व वकिलीतल्या लोकांना पुरेसं प्रतिनिधित्व मिळेल, याची काळजी घेतली जाईल.

बघा म्हणजे! राज्य अजून जन्मायचं होतं, आणि न्यायमूर्ती कोण होणार याची वाटाघाटी आधीच झाली होती. तेव्हाच्या पुढाऱ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मुंबईत बसून विदर्भाचे न्यायाधीश निवडले जाणार असतील, तर आपला माणूस त्या यादीत येण्यासाठी शब्द आधीच घेऊन ठेवलेला बरा.

आज नागपूर खंडपीठाकडे विदर्भाचे अकराही जिल्हे आहेत. पण न्यायमूर्तींचा कोटा सगळ्या हायकोर्टाचा मिळून एकच: मंजूर संख्या ९४. त्यातूनच मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा या सगळ्यांची सोय लावायची. १८ ऑगस्ट २०२५पासून यात कोल्हापूरच्या सर्किट बेंचचीही भर पडली. एका भाकरीचे वाटेकरी वाढले. म्हणजे मुंबईच्या यादीतली एक खुर्ची रिकामी राहिली, तर तिचा चटका गडचिरोलीहून नागपूरला तारखेसाठी येणाऱ्या माणसालाही बसतो.

फाइलचा प्रवास

आता जरा ही भरती होते कशी, ते बघू. तुमच्या कंपनीच्या पाच राउंडच्या इंटरव्ह्यूला कंटाळला असाल, तर हे वाचून समाधान वाटेल.

जागा रिकामी व्हायच्या सहा महिने आधी हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींनी प्रस्ताव हलवायचा. सोबत दोन ज्येष्ठ सहकारी. हे झालं हायकोर्टाचं कॉलेजियम. मग फाइल मुख्यमंत्री आणि राज्यपालांकडे. त्यांना मत द्यायला सहा आठवडे. तिथून केंद्राच्या कायदा मंत्रालयाकडे. मधे इंटेलिजन्स ब्यूरो उमेदवाराची कुंडली काढणार. मग सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम, म्हणजे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती. त्यांची पसंती आली की परत सरकारकडे, पंतप्रधानांकडे, आणि शेवटी राष्ट्रपतींची सही. सरकारला नाव पटलं नाही तर ते परत पाठवता येतं. पण कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं, तर सरकारला ते मान्य करावं लागतं.

न्यायाधीशांनी न्यायाधीश निवडायचे, ही पद्धत घटनेत अशी लिहिलेली नाही. ती सुप्रीम कोर्टाच्या १९९३ आणि १९९८च्या निकालांतून आली. त्याआधी, १९८१च्या निकालानुसार, सरकारचा शब्द शेवटचा होता. २०१४ मध्ये संसदेने न्यायिक नियुक्ती आयोगाचा कायदा करून पुन्हा सरकारला टेबलावर जागा दिली. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुप्रीम कोर्टाने तो चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. म्हणजे कागदावर कॉलेजियम जिंकलं.

कागदावरच! कारण 'मान्य करावं लागतं' या वाक्यात 'किती दिवसांत' हे शब्द नाहीत. सरकार नकार देत नाही. सरकार फक्त फाइल ड्रॉवरमध्ये ठेवतं. हा ड्रॉवर किती खोल असू शकतो, हे बघायला मुंबई हायकोर्टाचंच उदाहरण पुरेसं आहे.

एक फाइल ससा, एक कासव

फेब्रुवारी २०२२ मध्ये कॉलेजियमने मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेशन यांचं नाव सुचवलं. सिक्युरिटीज कायद्यातलं मोठं नाव, एकेकाळचे पत्रकार. सरकारने आक्षेप घेतला. कारण? न्यायप्रविष्ट विषयांवर त्यांनी सोशल मीडियावर मतं मांडली होती. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने तेच नाव पुन्हा पाठवलं आणि लेखी सांगितलं की, मत मांडणं हा प्रत्येक नागरिकाचा घटनादत्त अधिकार आहे, त्यावरून माणूस पक्षपाती ठरत नाही. तरीही नेमणूक व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पहिल्या शिफारशीपासून तब्बल २१ महिने.

आता आरती साठे यांची फाइल घ्या. शिफारस २८ जुलैला, मंजुरी ऑगस्टच्या मध्यात. साधारण दोन-अडीच आठवडे. त्यांच्यासोबतच्या दोघांनाही याच वेगाने मंजुरी मिळाली, हे नमूद केलंच पाहिजे. म्हणजे फाइल लवकर हलू शकते! हलवायची असेल तर. एकाने काही पोस्ट लिहिल्या म्हणून तो पक्षपाती, आणि दुसऱ्याने पक्षाचं प्रवक्तेपद भूषवलं तरी हरकत नाही, हे गणित कोणत्या पुस्तकातलं, असा प्रश्न सामान्य माणसाला पडला तर त्याला दोष देता येणार नाही.

निवडणुकीच्या हंगामात तर हा खेळ जास्तच रंगतो. २०१९ची लोकसभा आठवा. देश मतदान करत होता, टीव्हीवर एक्झिट पोलची तयारी सुरू होती, आणि दिल्लीत कॉलेजियम विरुद्ध सरकार असा वेगळाच सामना चालू होता. सरकारने न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. ए. एस. बोपण्णा यांची नावं परत पाठवली होती. ८ मे २०१९ रोजी कॉलेजियमने ती पुन्हा पाठवली आणि त्यासोबत दोन नवी नावं जोडली: न्या. सूर्य कांत आणि आपले न्या. भूषण गवई. आचारसंहिता लागू असतानाच चौघांच्याही नेमणुका निघाल्या. २३ मे रोजी निकाल लागला, २४ मे रोजी चौघांनी शपथ घेतली आणि सुप्रीम कोर्टाच्या त्या वेळच्या ३१ जागा पूर्ण भरल्या.

पण त्याच मे महिन्यात कॉलेजियमने मुंबई हायकोर्टात असलेले न्या. अकिल कुरेशी यांना मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती करण्याची शिफारस केली, आणि ती फाइल मात्र हलेना. महिने गेले. शेवटी कॉलेजियमनेच शिफारस बदलली आणि कुरेशी त्रिपुराला गेले. एकाच हंगामातल्या दोन फाइली, दोन वेग.

वऱ्हाडी वारसा

न्या. गवई हे या सगळ्या चर्चेतलं एक गमतीदार पात्र आहे, कारण राजकीय घरातून येऊन न्यायमूर्ती होणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं जवळून फार थोड्यांनी पाहिलं असेल. ते मूळचे अमरावतीचे. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन पक्षाचे मोठे नेते, विधान परिषदेचे सभापती, पुढे राज्यपाल. मुलाने नागपूर खंडपीठात वकिली केली, २००० साली तिथेच सरकारी वकील झाला, २००३ मध्ये न्यायमूर्ती आणि मे २०२५ मध्ये सरन्यायाधीश. साठे यांच्या नावाची शिफारस झाली तेव्हा कॉलेजियमचे प्रमुख तेच होते.

२०२३च्या फेब्रुवारीत मद्रास हायकोर्टात व्हिक्टोरिया गौरी यांच्या नेमणुकीवरून असाच वाद झाला. त्याही भाजपशी संबंधित होत्या. ही नेमणूक रद्द करा, अशी याचिका ज्या खंडपीठापुढे आली त्यात न्या. गवई होते. आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे, पण वीस वर्षांच्या न्यायदानात ती आड आली नाही, अशा अर्थाचं त्यांनी भर कोर्टात सांगितलं आणि याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी जुलैमध्ये राहुल गांधींचं प्रकरण समोर आल्यावर मात्र त्यांनी आधीच स्पष्ट केलं की, आपले वडील काँग्रेसच्या जवळचे होते आणि भाऊ आजही राजकारणात आहे. कोणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. हरकत कोणाचीच नव्हती.

इतिहासही एका बाजूने साक्ष देत नाही. न्या. कृष्ण अय्यर केरळच्या कम्युनिस्ट सरकारात मंत्री होते. पुढे सुप्रीम कोर्टात त्यांनी गरिबांच्या आणि कैद्यांच्या हक्कांचे जे निकाल दिले, ते आजही लॉ कॉलेजात शिकवले जातात. न्या. के. एस. हेगडे काँग्रेसचे राज्यसभा सदस्य होते. आणि १९७३ मध्ये काँग्रेस सरकारनेच ज्या तिघांना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं, त्यात हेगडे होते! याउलट न्या. बहारुल इस्लाम काँग्रेसच्या खासदारकीतून हायकोर्टात आले, सुप्रीम कोर्टात गेले आणि १९८३ मध्ये राजीनामा देऊन काँग्रेसच्याच तिकिटावर निवडणुकीला उभे राहायला निघाले. अगदी अलीकडे, मार्च २०२४ मध्ये, कोलकाता हायकोर्टाचे न्या. अभिजित गंगोपाध्याय राजीनामा देऊन दोन-तीन दिवसांत भाजपमध्ये गेले आणि खासदारही झाले.

सरन्यायाधीशाची खुर्ची निवडणुकीसाठी रिकामी झाल्याचं उदाहरणही आहे. एप्रिल १९६७ मध्ये सरन्यायाधीश के. सुब्बाराव यांनी राजीनामा दिला आणि विरोधकांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. हरले. त्यांच्यानंतर के. एन. वांछू आणि मग १९६८ मध्ये नागपूरचे हिदायतुल्ला सरन्यायाधीश झाले. गंमत पुढेच आहे. १९६९ मध्ये हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी निवडणूक लढवायला पदावरून उतरले, तेव्हा राष्ट्रपती भवनातली खुर्ची महिनाभर सांभाळली ती याच हिदायतुल्लांनी. निवडणुकीआधीची रिकामी खुर्ची कशी भरावी, हे नागपूरला कोणी शिकवायला नको!

प्रोबेशन नावाची टांगती तलवार

दरवाजातून आत आलं की संपलं, असंही नाही. नवीन न्यायमूर्ती बहुतेक वेळा आधी 'अतिरिक्त' असतात, साधारण दोन वर्षांसाठी. मग कायम. म्हणजे चक्क प्रोबेशन. आणि नागपूर खंडपीठाने या प्रोबेशनच्या दोन गाजलेल्या गोष्टी पाहिल्या आहेत.

पहिली आणीबाणीतली. उ. रा. लळित नागपूर खंडपीठात अतिरिक्त न्यायमूर्ती होते. त्यांना कायम केलं गेलं नाही. त्यांचे जामिनाचे काही आदेश तेव्हाच्या सरकारला रुचले नव्हते, असं तेव्हापासून सांगितलं जातं. लळित गुमान वकिलीकडे परतले. २०२२ मध्ये त्यांचा मुलगा उदय लळित देशाचा सरन्यायाधीश झाला, तेव्हा जुन्या नागपूरकरांना वडिलांची ती अर्धवट राहिलेली कारकीर्द आठवली असेल.

दुसरी गोष्ट अगदी वेगळी. न्या. पुष्पा गणेडीवाला नागपूर खंडपीठात अतिरिक्त न्यायमूर्ती असताना, जानेवारी २०२१ मध्ये, बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत त्यांनी दिलेल्या निकालांवर देशभर संताप उसळला. कॉलेजियमने त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचा 'त्वचेचा थेट स्पर्श' हवा असं सांगणारा निकाल रद्द केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुदत संपताना त्यांनी राजीनामा दिला.

दोन्ही ठिकाणी शिक्षा एकच होती: कायम न करणं. पण एका ठिकाणी सरकार नाराज होतं, आणि दुसऱ्या ठिकाणी निकालच कायद्याच्या कसोटीला उतरला नव्हता. तलवार तीच. ती कोणाच्या हातात आहे आणि कशासाठी चालते, यावर सगळं ठरतं.

आणि मग ४ ऑगस्ट २०२३. न्या. रोहित देव यांनी नागपुरात भर कोर्टात राजीनामा जाहीर केला. स्वाभिमानाला धक्का लावून काम करता येणार नाही, असं ते म्हणाल्याचं तिथे हजर असलेल्या वकिलांनी सांगितलं. देव हे न्यायमूर्ती होण्याआधी भाजप-शिवसेना सरकारच्या काळात राज्याचे महाधिवक्ता होते. म्हणजे सरकारचेच पहिले वकील. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रा. जी. एन. साईबाबा यांना निर्दोष सोडणाऱ्या खंडपीठाचे ते प्रमुख होते. सुप्रीम कोर्टाने दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, खास बसून तो निकाल स्थगित केला. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्याच दुसऱ्या खंडपीठाने साईबाबांना पुन्हा निर्दोष ठरवलं. 'सरकारी माणूस' म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं, त्याच न्यायमूर्तींचा हा निकाल.

तिकडे भांडण, इकडे शांतता

अमेरिकेत हे भांडण भर चौकात होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्या. स्कॅलिया वारले. अध्यक्ष ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, पण निवडणुकीचं वर्ष आहे, जनतेला ठरवू द्या, असं म्हणत रिपब्लिकन सिनेटने त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही. २०२० मध्ये न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग सप्टेंबरमध्ये गेल्या. तेव्हा मात्र त्याच सिनेटने अध्यक्षीय मतदानाच्या आठ दिवस आधी एमी कोनी बॅरेट यांना ५२ विरुद्ध ४८ मतांनी खुर्चीत बसवलं. ढोंग? असेल. पण लोकांनी ते टीव्हीवर पाहिलं. कोणी कुठे मत दिलं, हे नोंदवलं गेलं.

आपल्याकडे ही लढाई बंद खोलीत होते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने मागच्या अडीचेक वर्षांतल्या हायकोर्ट नेमणुकांची माहिती वेबसाइटवर टाकली. कोणाची शिफारस, कोणत्या समाजघटकातले, कोणत्या न्यायमूर्तींशी नातं आहे का, हे सगळं. चांगलं पाऊल. पण फाइल मंत्रालयाच्या ड्रॉवरमध्ये का पडली, हे सांगणारी वेबसाइट अजून निघायची आहे.

वेळेचं बंधन घालण्याचा प्रयत्न झाला तोही एका नागपूरकराकडून. सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने २० एप्रिल २०२१ रोजी, त्यांच्या निवृत्तीच्या तीन दिवस आधी, वेळापत्रक आखून दिलं. आयबीने चार ते सहा आठवड्यांत अहवाल द्यावा, केंद्राने आठ ते बारा आठवड्यांत फाइल पुढे पाठवावी, आणि कॉलेजियमने एकमताने तेच नाव पुन्हा पाठवलं तर तीन-चार आठवड्यांत नेमणूक व्हावी. विशेष म्हणजे बोबडेंच्या स्वतःच्या सतरा महिन्यांत सुप्रीम कोर्टात एकाही नव्या न्यायमूर्तीची नेमणूक झाली नव्हती. आणि सुंदरेशन यांचे ते २१ महिने? ते या वेळापत्रकानंतरचे.

मग आपलं काय?

तुमचं वय पंचवीस-तीस. मिहानमध्ये किंवा आयटी पार्कमध्ये नोकरी, सकाळी तर्री-पोहे, रात्री उशिरा घरी. हायकोर्टाची पायरी चढायची वेळ तुमच्यावर येऊ नये, हीच शुभेच्छा. पण तुम्ही नाही चढलात तरी हायकोर्ट तुमच्याकडे येतं. स्पर्धा परीक्षेचा निकाल अडकला, कॉलेजच्या प्रवेशावरून वाद झाला, बिल्डिंगचा नकाशा बेकायदा निघाला, तर शेवट तिथेच होतो.

आणि निवडणूक? २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यात नगरपालिकांचं मतदान सुरू असतानाच नागपूर खंडपीठाने आदेश दिला. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं आहे, तेव्हा सगळे निकाल एकत्र २१ डिसेंबरलाच लावा. दुसऱ्या दिवशी फुटणारे राज्यभरातले फटाके एका आदेशाने अठरा दिवस लांबले. १५ जानेवारी २०२६ रोजी नागपूरकरांनी नऊ वर्षांनी महापालिकेसाठी मतदान केलं, तेही कोर्टाने मुदत घालून दिली म्हणूनच. आमदाराच्या निवडीला आव्हान द्यायचं झालं तरी याचिका थेट हायकोर्टातच जाते. म्हणून तर सगळ्या पक्षांना त्या खुर्चीत कोण बसणार, याची एवढी काळजी!

या सगळ्यातून एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. माणूस कुठून आला, यावरून तो कसा न्याय देईल हे सांगता येत नाही. हेगडे, कृष्ण अय्यर, देव यांनी ते दाखवून दिलं. बहारुल इस्लाम यांनी उलटं दाखवलं. बायोडाटा वाचून भविष्य कळत नाही. पण फाइलचा वेग वाचून सरकारची इच्छा नक्की कळते. म्हणून पुढच्या वेळी एखाद्या नावावरून चॅनेलांवर आरडाओरडा सुरू झाला, तर तीन साधे प्रश्न विचारा. शिफारस कधी झाली? नेमणूक कधी झाली? आणि मधल्या काळात फाइल कोणाच्या ड्रॉवरमध्ये होती? उत्तरं मिळाली तर तो माणूस कोणाचा, हे कदाचित कळणार नाही. पण दरवाजावर कोण उभं आहे, ते बरोबर कळेल.